सेकंडहँड क्रोम कीबोर्ड घेतला, एका रात्रीत सगळी गाणी गायब. जाणकारांनी मार्ग सांगा

बोरीचा_पेटीवाला

मंडळी, जय भीम.

मी जिंतूर तालुक्यातला. एकवीस वर्षं झाली पेटी वाजवतोय, आधी वडिलांच्या मागं बसून, आता आमच्या स्वतःच्या भीमगीत पार्टीत. सात माणसं आहोत: मोठे गायक (सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात), त्यांची मुलगी, दोन कोरसवाले, बेंजो, ढोलकी आणि मी. १४ एप्रिलला जे घराबाहेर पडतो ते मे सरेपर्यंत. एका गावची जयंती चौदा तारखेला असती तर दुसऱ्या गावची वर्गणी जमंल तेव्हा, त्यामुळं आमचा सीझन दीड महिन्याचा.

सोयाबीनचे पैसे आले तेव्हा नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून कोर्ग क्रोम घेतला, ६१ पट्ट्यांचा, बेचाळीस हजाराला. बायकोला तीस सांगितलेत, इथं कोणी ओळखीचं असंल तर गप्प बसा. वाजवायला मस्त आहे. पण पेटीवाल्या माणसाला हे यंत्र म्हणजे तहसील कचेरी झाली. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आणि काम कुठल्या खिडकीत होतं ते कोणी सांगत नाही.

आता दुखणं सांगतो. दोन आठवडे रात्री जागून मी सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे वाजवलेलं साठवून परत वाजवणाऱ्या भागात, सतरा गाण्यांचे ट्रॅक बसवले. ढोलक, बेस, स्ट्रिंग, सगळं. सेलूच्या बाजूला एका गावात कार्यक्रम होता. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला जनरेटरचं डिझेल संपलं. अंधार. दहा मिनिटांनी उजेड आला, कीबोर्ड चालू केला, तर सतरापैकी एकही गाणं नाही. पाटी कोरी. मागच्या मालकानं काही गडबड करून ठेवली का, की मशीन खराब आहे? त्या रात्री पेटी घेऊनच वेळ मारली. पेटीला डिझेल लागत नाही, एवढं मात्र खरं.

दुसरं. बासरी वाजवता वाजवता स्ट्रिंगवर जायचं म्हणलं की मधी आवाज तुटतो. गुरुजी आलाप घ्यायलेत आणि माझ्याकडं एकदम सुनसान.

तिसरं. माझी पेटी आणि क्रोम सोबत वाजवले की सा धरल्यावर वाँव-वाँव अशी लाट येती. दोन्ही आपापल्या जागी सुरात वाटतात, जोडीनं बसले की भांडतात.

चौथं. गुरुजी काळी दोनमध्ये गातात, त्यांची मुलगी काळी पाचमध्ये. सवाल-जवाबाच्या गाण्यात एक कडवं त्यांचं, एक तिचं. मी पांढरी एकवर बोटं बसलेला माणूस. ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी वर-खाली सरकवायचं, बटण शोधेपर्यंत निम्मं कडवं जातं.

आणि ढोलकचा ट्रॅक बसवला खरा, पण तो ढोलक वाटत नाही, घड्याळ वाटतं. टकटक-टकटक. असं का होतं?

नांदेड_कीबोर्ड

जय भीम दादा. मशीन खराब नाही आणि मागच्या मालकाचाही दोष नाही. कोर्गची ही जुनी खोड आहे. मी १९९९ साली आलेला ट्रायटन पुढं बरीच वर्षं वाजवला, त्यातही हेच होतं. क्रोम २०१२चा, त्यातही हेच. प्रोग्रॅम (एकेक आवाज) आणि कॉम्बी (अनेक आवाजांची जोडणी) ‘राइट’ केले की ते मशीनच्या पोटात राहतात. सिक्वेन्सरमधली गाणी मात्र वीज आहे तोवरच असतात. बंद झालं की पुसलं. लग्नाच्या एका कार्यक्रमात माझी अकरा गाणी अशीच गेली होती, तेव्हापासून देवाचं नाव घ्यायच्या आधी सेव्ह करतो.

कॅमेऱ्यात लागतं तसं एसडी कार्ड घ्या. मीडिया मोडमध्ये जाऊन सेव्हच्या पानावर मेनूतून ‘सेव्ह ऑल’ घ्या. कार्डावर दोन जातीच्या फायली दिसतील. पीसीजी म्हणजे प्रोग्रॅम, कॉम्बी आणि ग्लोबलच्या सेटिंग. एसएनजी म्हणजे तुमची गाणी. स्टेजवर चालू केल्यावर एसएनजी दर वेळी लोड करावी लागते, आपोआप येत नाही. दुसऱ्या एका कार्डावर तीच फाईल करून घरी ठेवा. आणि फक्त कीबोर्डापुरता एक छोटा यूपीएस घ्या, कॉम्प्युटर दुकानात मिळतो तसला. त्याच्यावर अॅम्प्लिफायर जोडू नका, कोणी ‘जरा मोबाईल चार्जिंगला लावतो’ म्हणलं तर हात धरा.

बासरी तुटते त्याचं कारण, प्रोग्रॅम बदलला की त्याच्यासोबत इफेक्टही बदलतात आणि आधीचा आवाज मधेच कापला जातो. म्हणून गाणं चालू असताना प्रोग्रॅम बदलायचाच नाही. एका गाण्याला एक कॉम्बी करा. कॉम्बीत सोळा टिंबर, म्हणजे सोळा आवाज बसतात. तुम्हाला लागणार तीन, फार तर चार. स्ट्रिंग डावीकडं, बासरी उजवीकडं, मधल्या भागात पेटी किंवा ऑर्गन. की-झोनच्या पानावर कुठला आवाज कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत ते ठरवायचं. बासरी आखूड जागेत बसवली तरी तिला ऑक्टेव्हनं वर सरकवता येतं. मग आवाज बदलणं म्हणजे हात सरकवणं, बटण दाबणं नाही. पेटीवाल्याला हे लवकर जमतं.

एकावर एक थर मात्र कमी लावा. क्रोमची ताकद १२० सुरांची आहे, ऐकायला लई वाटते. पण दोन-दोन ऑसिलेटरचे (एका पट्टीला दोन सूर खाणारे) चार आवाज एकावर एक ठेवले आणि पेडल दाबून ठेवलं की आधीचे सूर गळायला लागतात.

काळी दोन आणि काळी पाचचं सोपं आहे. त्याच कॉम्बीच्या दोन प्रती करा. पहिलीत वाजणाऱ्या टिंबरना ट्रान्सपोज +३, दुसरीत -२. टिंबरमधलं ट्रान्सपोज वापरलं की कीबोर्डावर आखलेल्या हद्दी हलत नाहीत. बोटं पांढरी एकवरच. दोन्ही प्रती शेजारी-शेजारी नंबरला ठेवा. गुरुजींचं कडवं संपताना कोरसचा दम असतो ना, तेवढ्यात एक नंबर पुढं. तिथं आवाज तुटला तरी कोरसच्या खाली दबतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. मिक्सरला एकच वायर जाणार असेल तर ती ‘एल/मोनो’ भोकातच घाला. आर मध्ये एकटीच घातली की निम्मा आवाज जातो आणि माणूस स्पीकरवाल्याशी भांडत बसतो. मी भांडलोय. त्याची माफी अजून मागायची राहिली.

लातूर_बीट

पेनड्राइव्हवर करोके ट्रॅक लावा की दादा, कशाला एवढं? आजकाल सगळे तेच करतात. नाहीतर एखादा अरेंजर घ्या, त्यात भारतीय ठेके आयतेच येतात. वर्कस्टेशन हे स्टुडिओत बसून गाणं बांधायचं यंत्र आहे.

ढोलकचं म्हणाल तर घड्याळ तुम्हीच केलंय. रेकॉर्ड करताना किंवा नंतर क्वांटाइझ शंभर टक्के मारलं असणार. क्वांटाइझ म्हणजे पुढंमागं पडलेली थाप ओढून सरळ रेषेवर आणणं. केरव्याची मजाच त्या रेषेच्या जरा मागं पडण्यात आहे. रेकॉर्ड करतानाची रिझोल्यूशन ‘हाय’ ठेवा, मग मशीन एका मात्रेचे ४८० तुकडे करून ऐकतं, तुमची थाप जिथं पडली तिथंच राहते. लईच वाकडी पडली असेल तर क्वांटाइझची इंटेन्सिटी तीस-चाळीस ठेवा. भरीची आणि खालीची थाप एकाच जोरानं मारू नका. आणि एक माप वाजवून साठ वेळा कॉपी करू नका, निदान आठ मापं सलग वाजवा.

बरं, तुमच्या पार्टीत ढोलकीवाला आहे असं वरच लिहिलंय. मग ढोलकचा ट्रॅक कशाला?

बोरीचा_पेटीवाला

नांदेडकर भाऊ, लई उपकार. एसडी कार्ड आणलं. जिंतूरच्या दुकानदारानं आधी मोबाईलचं बारकं कार्ड दिलं, मग त्याच्यासोबत मोठ्या कार्डासारखी टोपी दिली. चाललं.

लातूरकर, पेनड्राइव्ह नको. गुरुजी शेर सोडतात तेव्हा कधी दोन ओळींत परत ठेक्यावर येतात, कधी पाच ओळी घेऊन हिंडतात. समोर कोण बसलंय त्यावर असतं.

तुम्ही नेमकं तेच विचारलं जे मी लिहायचं टाळलं होतं. ढोलकीवाला माझा चुलत भाऊ. सुपारी मागच्या वर्षाएवढीच आहे, गाडीभाडं वाढलंय, आणि गुरुजींच्या जावयाचं म्हणणं पडलं की यंत्रात ढोलक आहे तर एक माणूस कमी करा. मला तोंडावर म्हणले, “तूच बसव की तेवढं.” मी बसवायला लागलो. भावाला सांगितलं नाही. तो रात्री अंगणात यायचा, हेडफोन लावून बसलेला बघायचा आणि म्हणायचा, “काय करायलास रं एवढं?” मी म्हणायचो, “बेस बसवायलोय.” सतरा गाणी पुसली गेली त्या रात्री सगळे हळहळले. मला आतून जरा हलकं वाटलं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

तर आता सांगा, ढोलक मशीनवर टाकून गुरुजींच्या शेरासोबत चालवता येतं का? जमतं म्हणला तर जमतं, नाही म्हणला तर नाही. जावयाला काय ते सांगायला मोकळा होतो.

जुना_सुरकरी

मी अंबाजोगाईचा. पेट्या उघडून सूर लावण्यात जन्म गेला. यंत्रातलं फार कळत नाही, पण नातवाकडं कोर्गच आहे आणि त्याच्या ग्लोबलच्या पानात मी बरंच बोट घातलं आहे.

तुमची लाट. पेटी बहुतेक ४४०ची नाही. आपल्याकडच्या जुन्या पेट्या जरा चढ्या लावलेल्या असतात. पांढरी सहा धरा, फोनमधल्या ट्यूनरवर बघा. समजा ४४४ दाखवली. कीबोर्डाची ४४०. त्या सुरावर सेकंदाला चार लाटा येणार, हिशोब साधा आहे. पेटीचे स्वर घासत बसू नका. कीबोर्डाला मास्टर ट्यून असतं, ते सेंटमध्ये चढवा, शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ४४०ची ४४४ करायला +१६ सेंट. मग दोघं भांडत नाहीत. बेंजोवाल्याला मात्र त्या दिवशीच तारा नव्यानं लावायला सांगा, नाहीतर भांडण एका घरातून दुसऱ्या घरात जाईल.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पेटीवाले आहात म्हणून सांगतो. कीबोर्डाचा शुद्ध गंधार जरा चढा आहे. तंबोऱ्यातून निघतो त्याच्यापेक्षा चौदा सेंट. धैवत सोळा चढा, निषाद बारा. पंचम जवळजवळ बरोबर, दोन सेंट उतरा. कोमल गंधार उलट सोळा सेंट उतरा. कोर्गमध्ये युझर स्केल म्हणून पान आहे, तिथं बारा सुरांना एकेक करून खालीवर करता येतं. गंधार -१४, धैवत -१६, निषाद -१२, कोमल गंधार +१६, असं. पुढं ‘की’ म्हणून घर आहे, त्यात सा कुठला ते सांगावं लागतं. ट्रान्सपोज लावलं असेल तर ट्यूनरवर गंधार पुन्हा तपासून घ्या, सा चुकीच्या घरात बसला तर सगळंच बिघडतं.

पण हे फक्त एकट्या बासरीच्या आलापाला. पेटी आणि बेंजो सोबत असताना लावू नका. त्यांचे सूर ठरलेले, तुमचा एकट्याचा गंधार शुद्ध, आणि ऐकणाऱ्याला वाटणार तुम्हीच बेसूर.

बासरीत मींड हवी असेल तर आवाज मोनो-लेगाटो करा, म्हणजे एका वेळी एकच सूर, न तुटता. जॉयस्टिकचा बेंड दोन सुरांचाच ठेवा. काही पोरं बाराचा ठेवून तो जो काही आवाज काढतात त्याला आमच्याकडं मांजराचं लग्न म्हणतात.

ढोलकीबद्दल मी बोलणार नाही. भावाभावातलं आहे.

नांदेड_कीबोर्ड

मी बोलतो, दादा.

सरळ ट्रॅक शेराच्या खाली चालत नाही. मशीनला शेर माहीत नसतो, बत्तीस मापं झाली की ते पुढच्या कडव्यावर जातं, गुरुजी तिथंच असले तरी. टेम्पोचा नॉब फिरवून मागं-पुढं करता येतं, पण त्यात डावा हात अडकतो आणि दर वेळी तुम्ही अर्ध्या मात्रेनं उशिराच पोचता.

एक मधला रस्ता मात्र आहे. क्रोमच्या सिक्वेन्सरमध्ये आरपीपीआर म्हणून सोय आहे. अख्खं गाणं न बसवता बारके-बारके पॅटर्न करायचे. एक केरव्याचा, एक दादऱ्याचा, एक नुसत्या टाळ्यांचा, एक तिहाईचा. प्रत्येकाला एकेक पट्टी द्यायची. पट्टी दाबली की पॅटर्न सुरू. अगदी डावीकडची पहिली पट्टी दाबली की बंद. शेर आला की बंद, गुरुजी समेवर आले की सुरू. म्हणजे चावी तुमच्या बोटात राहते.

आवाज बसवायला मोड बदलू नका. कॉम्बीत आवाज जमले की एंटर धरून आरईसी/राइट दाबा. ऑटो साँग सेटअप होतं, कॉम्बी जशीच्या तशी गाण्यात उतरते. त्यातच पॅटर्न करा. आणि कार्डावर सेव्ह करा. दोनदा सांगतो.

हे सगळं जमलं तरी केरव्याला नुसता केरवा मिळेल. शेराच्या शेवटी गुरुजींच्या तोंडाकडं बघून जी थाप पडते ती तुमच्या भावाकडंच आहे. जावयाला सांगा, मशीनमध्ये ढोलक आहे, ढोलकीवाला नाही.

लातूर_बीट

आरपीपीआर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मानलं. पेनड्राइव्हचं मागं घेतो.

बोरीचा_पेटीवाला

मंडळी, आज २८ मे, आता फुरसत झाली. हिशोब द्यायचा राहिला होता.

या सीझनला एकोणीस कार्यक्रम झाले. गाणी एकदाही पुसली नाहीत. लाईट तीन वेळा गेली. यूपीएस टिकला, लोकांचे मोबाईल नाही टिकले. मास्टर ट्यून +१६ नाही, माझ्या पेटीला +११वर बसलं. बेंजोवाला पहिल्या दिवशी कुरकुरला, नंतर म्हणला, “आता कसं एका घरातले वाटायलोत.” काळी दोन-काळी पाचचं दोन प्रतींचं काम सगळ्यात कामाला आलं. गुरुजींच्या मुलीनं विचारलं, मधी थांबत का नाही आता तुम्ही? मी म्हणलं, बोटं शहाणी झाली.

युझर स्केल फक्त एकदा लावलं, एका गावात पहिल्या गाण्याच्या आधीच्या आलापाला. अंबाजोगाईचे काका, गंधार लागला तसे समोरच्या खुर्चीतले एक म्हातारे भजनी बुवा मान वर करून बघायला लागले. पुढच्या गाण्याला बंद करायचं विसरलो, ते मात्र सांगायला नको.

ढोलकीचं. मानवतच्या बाजूला एका गावात भाऊ उशिरा पोचला, गाडी पंक्चर. पहिली दोन गाणी आरपीपीआरवर काढली. पहिलं निभावलं. दुसऱ्यात गुरुजींनी शेर घेतला, मी बंद केलं, त्यांनी एक ओळ आणली, मला वाटलं सम आली, मी केरवा सोडला. सम आलीच नव्हती. गुरुजी माझ्याकडं असं बघायले की मी मशीनच्या मागं लपायचा बाकी राहिलो. तेवढ्यात भाऊ मंडपात आला, चप्पल काढता काढताच बघितलं, खाली बसला आणि ढोलकी ओढली. मी डावीकडची पट्टी दाबली.

जावई पहिल्या रांगेत बसले होते, कार्यक्रम झाल्यावर काही बोलले नाहीत. मी मग भावाला सगळं सांगून टाकलं, सतरा गाण्यांचं, हेडफोनचं. त्याला माहीत होतं. “बेसला एवढी रात्र लागत नसती,” म्हणला. एवढंच.

पण गोष्ट इथं संपली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या अंगणात येऊन क्रोमवर बसला. तिहाईची पट्टी दाबून दाबून बघितली. त्यानं त्यात दोन थापा बदलायला लावल्या. मग म्हणला, माझी स्वतःची थाप यात भरता येती का? क्रोममध्ये बाहेरचा आवाज भरायची सोय नाही असं मी सांगितलं. तर आता त्याला ऑक्टोपॅड पाहिजे, काठीनं वाजवायचं आठ पॅडचं यंत्र. परभणीत एक जुना एसपीडी-२० विकायला आहे, आठातल्या एका पॅडवर चिकटपट्टी लावलेली. भाऊ म्हैस विकायच्या गोष्टी करायलाय. घ्यावा का? आणि माझा शेवटचा प्रश्न, जॉयस्टिक मधोमध सोडली तरी सूर किंचित चढाच राहतो, धूळ असंल का?

नांदेड_कीबोर्ड

जॉयस्टिक आधी सगळ्या बाजूंनी पुरी फिरवून बघा. तेवढ्यानं नाही गेलं तर उघडून साफ करावी लागेल, पण ते स्वतः करू नका. मे महिन्यातल्या गावोगावच्या मंडपांची धूळ आहे ती.

एसपीडी-२० घेण्याआधी भावाला समोर बसवून अर्धा तास वाजवू द्या. एक पॅड मारल्यावर शेजारचा वाजतो का बघा. ते सेन्सिटिव्हिटीनं सुधारतं, पण चिकटपट्टीखाली रबर फाटलेलं असेल तर नाही. चिकटपट्टी काढून दाखवायला सांगा. मालक नाही म्हणला तर उठून या.

आणि म्हैस विकू नका. एसपीडी-२०चे पैसे एका म्हशीएवढे नसतात, कोणी सांगत असेल तर तो फसवतोय.